लोपामुद्रा हयात आहे का?

सोपान गुरुजी गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि त्या रविवारी रत्ना त्यांच्याशी खोटं बोलली.

खोटं तसं किरकोळ होतं. दर रविवारी यायची तशी ती राजुरीहून सकाळीच स्कूटरवर आली होती. निरगुडसरच्या पुढे जी वाडी आहे, तिच्यात गुरुजींचं घर. गुरुजी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दर तिसरा दाणा टोपलीऐवजी तोंडात जात होता, आणि आतून सरूबाई, म्हणजे रत्नाची आई, न बघताच ओरडत होती, "बियाण्याच्या शेंगा हायेत त्या! न्याहारीच्या न्हाईत!" गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"काय गं, वाचलंस का आमचं पुस्तक?"

"वेळच होत नाही हो अण्णा. पेपर तपासायचे पडलेत."

"बरं, बरं. घाई नाही," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला.

पुस्तक त्या वेळी तिच्या पर्समध्ये होतं. तिचं तिसरं वाचन नुकतंच संपलं होतं. पानोपानी समासात बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि शेवटच्या पानाखाली तिने 'शेवट तुटका वाटतो' असा शेरा मारला होता.

सोमवारी सकाळी गुरुजी म्हशीला पेंड ठेवायला गोठ्यात गेले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. ते म्हशीशी गप्पा मारतायत असं समजून सरूबाईने अर्धा तास हाकही मारली नाही.

आता, सख्खी मुलगी बापाचं पुस्तक तीनदा वाचून न वाचल्याचं का सांगते, याला कारण होतं. कारणं दोन होती आणि दोन्ही बायका होत्या.

पहिली कागदाची. गुरुजींनी निवृत्तीनंतर अकरा वर्षं खपून 'पाळीचं पाणी' नावाची कादंबरी लिहिली होती. मंचरच्या एका छापखान्यातून तिच्या तीनशे प्रती निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा गुरुजींनी लग्नकार्यात आहेर म्हणून दिल्या, आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांत त्या टीव्हीखाली, मिक्सरखाली किंवा डुगडुगणाऱ्या कपाटाच्या एका पायाखाली सुखाने नांदत होत्या. गोष्ट साधी होती. ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा एक पाट, त्या पाटाचं पाणी पाळीपाळीने घेणारी माणसं, त्यांची भांडणं, आणि पाटावर भाकरी घेऊन येणारी एक बाई. ती मोठ्याने हसायची. पाळी नसताना बांध फोडून आपल्या वाफ्यात पाणी घ्यायची आणि वर जाब विचारणाऱ्यालाच मिरचीचा खर्डा वाढायची. नायक तिच्याकडे बघत दारं धरायचा, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायचा, आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात जायचं. या बाईचं नाव लोपामुद्रा. गावालगतची गावंदर जमीन, चिखल, खर्डा, आणि मध्येच हे नाव! ज्वारीच्या शेतात कोणी संगमरवरी खांब उभा करावा तसं.

रत्ना कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची. कादंबऱ्या वाचण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पुस्तकांतल्या बायकांशी तिचं कधी वाकडं नव्हतं. पण या बाईला बघून तिच्या पोटात दुखायला लागलं. दोनशे चाळीस पानं! दोनशे चाळीस पानं अण्णा एका बाईकडे बघत होते, आणि त्यात शाळामास्तराला मुलगी असल्याचा उल्लेख कुठे नव्हता. मुलगी सोडा, मास्तरच नव्हता.

दुसरी खरीखुरी होती, हाडामांसाची, आणि तिच्या ओठांना कायम नवी लिपस्टिक असायची. वृषाली. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, हायस्कुलात शिक्षिका आणि तालुक्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाची निवेदिका. रत्ना बाराव्या वर्षापासून अण्णांचे अर्ज, भाषणं, शाळेचे अहवाल तपासत आली होती. कादंबरी मात्र अण्णांनी तपासायला दिली वृषालीला! आणि प्रकाशनाच्या दिवशी पहिली प्रत हातात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माझी पहिली वाचक." रत्ना दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या. शिकलेल्या माणसाला वाजवाव्याच लागतात.

असो. तर गुरुजी गेले, आणि तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर बाळासाहेब ओसरीवर येऊन बसला.

बाळासाहेब म्हणजे शेजारी, लांबचा चुलतभाऊ आणि पंचक्रोशीतला आवाज. बैलगाडा शर्यतीच्या घाटात माइकवर तोच असायचा. उरूस असो, वाढदिवस असो, दहावा असो, माइक त्याच्या हातात आला की त्याच्या तोंडून आपोआप घाट सुरू व्हायचा.

"ताई, धाव्याची पत्रिका काढायची," तो म्हणाला. "नुसता हार घातल्याला फोटो नको. गुरुजी साहित्यिक व्हते. मागच्या बाजूला तुमी अर्धं पान लिवा, पुस्तकावर. आन त्या बाईच्या नावाचा अर्थ टाका. लोकं लई इचारत्यात."

"कोण विचारतं?"

"सगळी. परवा सोसायटीत वाद झाला. एक म्हणं मुद्रा म्हंजी कर्ज, त्या बाईनं कर्ज काढल्यालं आसंल."

अर्धं पान! सुतकात बसल्या जागी तेवढंच एक काम आपल्या हातचं आहे, असं रत्नाला वाटलं. माणूस गेल्यावर घरात इतकी माणसं येतात की रडायला जागा मिळत नाही. लिहायच्या निमित्ताने कोपरा तरी मिळेल. ती हो म्हणाली. इथेच सगळं चुकलं.

कारण वाडीत अर्धं पान लिहिणं ही खाजगी गोष्ट राहत नाही. चौथ्या दिवशी सकाळी पिठलं-भाकरी घेऊन आलेल्या गोजरबाई वहीत डोकावून बसल्या. त्या समोरच राहायच्या.

"लिव्हलं का, ती बाई मीच म्हणून?"

"तुम्ही, काकू?"

"तर! खर्डा कोणाचा हाय त्यो? माझाच. सबंद वाडीत माझ्यागत खर्डा कोनी करतं का? गुरुजींनी नाव बदाललं, खर्डा न्हाई बदालला."

दुपारी गुरुजींचे दोस्त भिमाजी आले. त्यांनी कादंबरी वाचली नव्हती, पण त्यामुळे त्यांचं मत अडलं नाही. "ती बाई म्हंजी धरणीमाता. लेखक लोकं बाई म्हणत्यात आन जिमीन दाखवित्यात. आमच्या सात-बाऱ्यावर सुदिक आसंच हाय, नाव एकाचं आन वहिवाट दुसऱ्याची."

रत्नाने ते लिहून घेतलं. कॉलेजातल्या चर्चासत्रात तिने याहून वाईट ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी वृषाली आली. पांढरी साडी, गॉगल, आणि सोबत स्वतःचा एक मोठा फोटो. ती आधी सरूबाईच्या गळ्यात पडून रडली. खरंच रडली, आणि त्याचाच रत्नाला जास्त राग आला. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, खरं सांगू? सर बोलले नाहीत कधी. पण मला आतून माहीत आहे. हस्तलिखित वाचतानाच मला जाणवलं. ते मोकळं हसणं... लोपामुद्रा मीच."

"तुम्ही कधी पाटाचं दारं धरलंय का?" रत्नाने अतिशय शांतपणे विचारलं.

"प्रतीक असतं हो ताई," वृषाली तितक्याच शांतपणे म्हणाली. "तुम्ही तर मराठीच्या."

सरूबाई मध्ये बसून चहा गाळत होती. तिने एकदा वृषालीकडे पाहिलं, एकदा रत्नाकडे पाहिलं, आणि चहात साखर जरा जास्तच टाकली.

त्या संध्याकाळी रत्नाने ते अर्धं पान लिहून टाकलं. मत्सराने लिहिलेलं गद्य फार सुबक उतरतं. अडखळत नाही, खाडाखोड होत नाही. तिने लिहिलं की पुराणात अगस्ती ऋषीने लोपामुद्रा स्वतःच घडवली. हरणाचे डोळे घेतले, कोणाची चाल, कोणाचा बांधा, सगळ्या सृष्टीतले चांगले चांगले तुकडे गोळा केले, तिला राजाच्या घरी वाढवायला दिली आणि मोठी झाल्यावर तिच्याशीच लग्न केलं. म्हणून लोपामुद्रा हे प्रतीक आहे, 'पुरुषाने आपल्या मनासारखी तुकड्यातुकड्यांनी घडवलेल्या, प्रत्यक्षात कुठेच नसलेल्या स्त्रीचं.' शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. गोजरबाई, वृषाली आणि खुद्द लोपामुद्रा, तिन्ही बायका एका वाक्यात आडव्या झाल्या होत्या. तिला बरं वाटलं. मग खुंटीवर अडकवलेला अण्णांचा चष्मा दिसला, आणि तितकंसं बरं वाटेना.

बाळासाहेबाने कागद वाचला, "लई भारी, डोक्यावरून गेलं," म्हणाला आणि घेऊन गेला.

पण कार्य आता अर्ध्या पानाचं राहिलं नव्हतं. प्रवचनाला येणाऱ्या महाराजांनी नाव ऐकलं, तेव्हा ते आपलं नेहमीचं प्रवचन बाजूला ठेवून अगस्ती ऋषीवर बोलायला तयार झाले, त्यासाठी अर्धा तास जास्त मागितला. श्रद्धांजलीला येणाऱ्या एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला, की साहेबांना ते नाव मोठ्या अक्षरांत, तोडून तोडून लिहून पाठवा, भाषणात अडकायला नको. आणि सातव्या दिवशी बाळासाहेबाच्या डोक्यात आलं की साहेब येतच आहेत, तर वाडीच्या बंद पडलेल्या वाचनालयाला 'लोपामुद्रा वाचनालय' असं नाव तिथल्या तिथे जाहीर करून टाकावं. त्यासाठी तो रत्नाला ग्रामपंचायतीत घेऊन गेला.

ग्रामसेवक भाऊसाहेब तरुण होते आणि नियमाला पक्के होते. त्यांनी छापील अर्ज पुढे ओढला.

"नाव?"

"लोपामुद्रा."

"वडलांचं नाव?"

रत्ना बाळासाहेबाकडे बघायला लागली. बाळासाहेब म्हणाला, "विदर्भाचा राजा लिवा."

"तालुका?"

"भाऊसाहेब," रत्ना म्हणाली, "ती कादंबरीतली व्यक्ती आहे. मूळ पुराणातली."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुमचं दुःख मला समजतं. पण हयात व्यक्तीचं नाव आम्हाला सार्वजनिक जागेला देता येत नाही. ही व्यक्ती हयात आहे का?"

"अहो, पुराणातली म्हटलं ना."

"मग मयत. मयताचा दाखला जोडा."

"हजारो वर्षांपूर्वीच्या बाईचा दाखला?"

"उशिरा नोंद करता येते, तहसीलदारांचा आदेश लागतो. नाहीतर वारसांचं संमतिपत्र आणा," भाऊसाहेब मनापासून मदत करायच्या सुरात म्हणाले. "वारस कोण आहेत?"

रत्नाच्या आयुष्यात अनेकांनी तिचा अपमान केला होता, पण कागदावरच्या सवतीच्या वारसांचं संमतिपत्र आणायला तिला कोणी पाठवलं नव्हतं. सवत हा शब्द मनात आला आणि ती स्वतःच दचकली. बापाच्या कादंबरीतली बाई मुलीची सवत कशी होईल? पण दुखत तर तसंच होतं.

नवव्या दिवशी दुपारी घरात पहिल्यांदाच कोणी नव्हतं. भाऊ मोहित भांडी भाड्याने आणायला गेला होता. गुरुजींनी अर्ध्यावर टाकलेली शेंगांची टोपली सरूबाईने ओसरीवर ओढली होती. मायलेकी फोडत बसल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून रत्नाने ग्रामपंचायतीतला किस्सा सांगितला. "आणि मला म्हणतो, लोपामुद्रा हयात आहे का?"

"हाय की," सरूबाई म्हणाली.

"काय?"

"हयात हाय. सांग त्याला." आणि तिने एक दाणा तोंडात टाकला.

रत्नाचा हात शेंगेवर थांबला. "कोण आहे?"

"आता कोण! लग्नात नवरी घरात आली की तांदळाच्या ताटात नवं नाव लिहित्यात का न्हाई, आंगठीनं? ह्यांनी लिव्हलं. ताट मोठं व्हतं म्हणून मावलं. समदी बघाया लागली, ह्ये काय लिव्हलंय. तुझी आज्जी म्हणली, ह्ये मला म्हणायचं जमायचं न्हाई, तोंडात दात न्हाईत. दुसऱ्या दिसापून मला म्हायेरचंच नाव, सरू. त्या तांदळाची खिचडी केली."

"आई! तू कधी बोलली नाहीस!"

"कोनी इचारलं? तू इचारलंस?"

रत्नाने विचारलं नव्हतं. तिने गोजरबाईंचं ऐकलं, भिमाजींचं लिहून घेतलं, वृषालीशी भांडली, तीन संदर्भग्रंथ चाळले. चहा गाळणाऱ्या बाईला तिने विचारलं नव्हतं.

"मग हाक कधीच नाही मारली त्यांनी त्या नावाने?"

"मारायचे की." सरूबाईने पदराने तोंड पुसलं, आणि रत्नाच्या लक्षात आलं की सत्तरीची आपली आई लाजते आहे. "घरात न्हाई. पाटावर. आपली दिसाची पाळी आसली की हे दारं धरायचे आन मी भाकरी न्यायची. लांबून हाक मारायचे, सबंद नावानं. मला हसू यायचं. आन हे माझ्याकडं बघत ऱ्हायचे, पाणी जायाचं सावळेरामाच्या उसात. सावळेराम लई शिव्या द्यायचा."

आता खरं तर रत्नाचा मत्सर तिथेच संपायला हवा होता. झालं उलटंच. इतके दिवस कागदाच्या बाईवर जळत होती. आता जळायला हक्काची आई मिळाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पाटावर दोघंच, आणि आपण कुठेच नाही!

"मग ते पुस्तक मला का नाही दाखवलं तपासायला? तिला का?" ती एकदम बोलून गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई सहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात बोलली.

"भेत व्हते तुला," सरूबाई म्हणाली. "म्हणायचे, रत्नीला एक चूक दिसली तर धा दिसत्याल. आन बापाचं मन लेकीनं वाचायचं म्हंजी लाज वाटती गं. परक्याला दाखवता येतं. तुला दर रविवारी इचारायचे, वाचलं का. तू न्हाई म्हणली की सैपाकघरात यायचे आन मला म्हणायचे, बरं झालं, आजून न्हाई वाचलं. आन तोंड ह्ये एवढं झाल्यालं."

रत्नाने शेंग फोडली, आणि टरफल टोपलीत टाकून दाणे अंगणात फेकले.

"आन तू न्हाईस आसं कुठं हाय त्यात," सरूबाई पुढे म्हणाली. "मला वाचून दाखवलं समदं ह्यांनी. शेवटाला ती बाई पाटावर उभी ऱ्हाती, पोटाशी हात धरून, आन पाणी येतंय का बघती. तिथं संपतं. का संपतं? मी म्हणलं ह्यांना, पुढचं लिवा की. तर म्हणले, पुढं रत्नी हाय. ती काय कादंबरी न्हाई."

ओसरीवर ऊन आलं होतं. रत्नाला पर्समधल्या पुस्तकाचं शेवटचं पान आठवलं, आणि त्याखालची स्वतःची बारीक, व्यवस्थित, मास्तरणीची पेन्सिल.

मग तिला दुसरंही आठवलं, आणि तिने ताडकन उठून बाळासाहेबाला फोन लावला.

"बाळासाहेब, ती पत्रिका थांबवा! छापू नका!"

"छापली बी आन वाटली बी, ताई! पार आवसरी गावापोत्तर गेल्यात. आन फलेक्स तर घाटावर लागला बी. धा बाय वीस! तुमचं शेवटचं वाक्य टाकलंय मोठ्या टायपात. समदे फोटो काढत्यात."

दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर मांडव पडला. रत्ना आईचा हात धरून उतरली आणि तिने समोर पाहिलं. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर डाव्या बाजूला गुरुजी हसत होते, उजव्या बाजूला गॉगल लावलेली वृषाली, 'प्रेरणा' अशा शब्दासह. फ्लेक्सवाल्याला लोपामुद्रेचा फोटो हवा होता. मिळाला तो त्याने लावला. आणि दोघांच्या मधोमध लाल अक्षरांत रत्नाचं सुबक वाक्य.

सरूबाई चौथी शिकली होती. ती फ्लेक्ससमोर थांबली आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली. "...तुकड्या... तुकड्यांनी... घडवलेल्या... प्रत्यक्षात... कुठेच... नसलेल्या..." ती थांबली. रत्नाला नदीत उडी मारावीशी वाटली, पण पाणी घोट्याएवढंच होतं. सरूबाईने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. बायका धावल्या, "सावरा, वयनी, सावरा!" रडत नव्हती ती. हसत होती, नवऱ्याच्या दहाव्याला, मांडवभर माणसांत, पदर कोंबूनही आवाज बाहेर फुटत होता. दोनशे चाळीस पानं जे हसणं होतं ते हेच, हे रत्नाला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

महाराजांचं प्रवचन दीड तास चाललं. साहेबांनी नाव 'लोप्पा' इथवर घेतलं आणि पुढे 'भगिनी' म्हणून निभावून नेलं. वाचनालयाचं नाव जाहीर झालं नाही, कारण भाऊसाहेब मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि मान हलवत होते. मग नदीकाठी पिंड ठेवला, आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा होता. बाभळीवर एकटाच बसला होता. खाली उतरेना.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. शांतता बाळासाहेबाला सोसवेना. माइक त्याच्या हातातच होता.

"बाभळीवरून बघतोय... बघतोय... मान वाकडी केलीय... उडाला, उडाला, उडाला! ...न्हाई. फांदी बदालली. मंडळी, जरा मागं सरा, घाट मोकळा करा!"

"अण्णा, आईला सांभाळीन," मुंडण केलेला मोहित हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही.

"म्हशीला इकणार न्हाय म्हणा," कोणीतरी सुचवलं. तेही म्हणून झालं.

"गुरुजी, मिक्सरखालचं पुस्तक काढून वाचतो आमी!" गोजरबाई कळवळून म्हणाल्या. कावळ्याने चोच फांदीला घासली.

"दुसरी आवृत्ती काढू!" भिमाजी म्हणाले.

वृषाली पुढे झाली. गॉगल काढला. "सर, तुमची लोपामुद्रा तुम्हाला वचन देते..." कावळा उडाला आणि लांबच्या लिंबावर जाऊन बसला.

"गेला, गेला, घाटाबाहीर गेला!" माइक ओरडला. वृषाली खाली मान घालून मागे आली, आणि तिचे डोळे पुन्हा भरलेले रत्नाला दिसले. सर तिचेही होते. रत्नाने सरकून तिला आपल्या शेजारी उभं राहायला जागा दिली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच, आणि तीही अगदी थोडी.

विधी सांगायला आलेल्या गुरवांनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू का आता? घरातलं कोणी राहिलंय का बोलायचं?"

सगळ्यांनी सरूबाईकडे पाहिलं. ती पुढे गेली नाही.

"माझं काय न्हाई," ती म्हणाली. "आमचं समदं बोलून झालंय." मग तिने कोपराने रत्नाला हळूच ढोसलं. "जा. तुझंच ऱ्हायलंय."

रत्ना ओल्या वाळूतून पिंडापाशी गेली. चारचौघांत बोलायची तिला सवय होती. साठ पोरांच्या वर्गात तिचा आवाज कधी अडकला नव्हता. तिने पर्समधून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं, आणि आता काय करावं ते न कळून नुसतीच उभी राहिली. बाळासाहेबाने सवयीने माइक पुढे धरला. तिने तो हाताने बाजूला सारला. बाळासाहेब, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, गप्प झाला.

ती कावळ्याकडे बघत नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "वाचली मी. तीनदा वाचली. त्या रविवारीसुद्धा पर्समध्येच होती, मी खोटं बोलले. मला राग आला होता, तुम्ही तिला दिली म्हणून. जळत होते मी, अण्णा. इतकी चांगली लिहिलीत, आणि मला नाही दाखवलीत, म्हणून." तिने अंगठ्याने पानाखालची पेन्सिल पुसायला घेतली, ती नीट पुसली जाईना, नुसतीच पसरली. "आणि शेवट तुटका नाहीये. बरोबर आहे. तिथेच संपायला हवी होती."